धडधडणारें काळीज आणि पाळकाचें दार

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ज्या घरांत कधींच निघाला नाहीं, असें घर माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. मात्र तो निघतो तो निरनिराळ्या नांवांनीं. कोणी म्हणतें, "हल्लीं जीव घाबरा होतो." कोणी म्हणतें, "उगीचच हुरहूर लागते." कोणाच्या छातींत धडकी भरते, कोणाच्या पोटांत गोळा येतो, कोणाला रात्रभर झोंप नसते. घरचीं वडील माणसें यावर "मनाला लावून घेऊं नकोस" एवढेंच औषध सांगतात आणि विषय मिटतो. त्या माणसाचा त्रास मात्र मिटत नाहीं. या त्रासास वैद्यकशास्त्रांत चिंताविकार असें म्हणतात. तो ओळखावा कसा, आणि त्यावर मदत मागतांना ख्रिस्ती समुपदेशनाचा उपयोग कोठपर्यंत होतो, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथमच सांगून ठेवितों कीं, मी वैद्य नव्हें आणि मानसशास्त्राचा पंडितही नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला, मुलांना शिकविण्यांत उमर घालविली आणि निवृत्त झालों. मी श्रद्धेनें ख्रिस्ती आहें व आमच्या मंडळीचा एक वडील म्हणून कांहीं वर्षें काम केलें आहे. या दोन्ही नात्यांनीं या दुखण्याबाबत माझ्या हातून चुका घडल्या. पुढें तेंच दुखणें माझ्या वांट्यास आलें. तेव्हां माझें बोलणें ग्रंथांतून जितकें आलें आहे, तितकेंच अनुभवांतूनही आलें आहे असें समजावें.

भीति ही मुळांत शत्रु नव्हे. रस्ता ओलांडतांना मोटारीचा कर्णा कानीं पडला, तर विचार करण्यापूर्वींच आपण मागें सरतों. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थ्यास थोडी धास्ती नसेल, तर तो पुस्तक उघडणारच नाहीं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भीतीच्या वेळीं शरीरांत काय घडतें, याचें विवेचन केलें आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. संकट दिसतांच मेंदूच्या आज्ञेनें त्यांतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. हातापायांच्या स्नायूंस अधिक रक्त हवें, म्हणून हृदय जलद चालूं लागतें. श्वास वाढतो. कातडीचें व पोटाचें रक्त स्नायूंकडे वळतें, म्हणून हात गार पडतात आणि अन्न जिरेनासें होतें. तापणारें शरीर निवावें म्हणून घाम सुटतो. लढावें किंवा पळावें, यासाठीं निसर्गानें केलेली ही सिद्धता होय. तींत विकृत असें कांहींच नाहीं.

घराच्या राखणीस कुत्रा ठेवितात. चोर आल्यावर तो भुंकला तर त्यानें आपलें काम केलें. परंतु वाऱ्यानें पान हललें तरी तो भुंकूं लागला, आणि रात्रभर भुंकतच राहिला, तर घरांतील माणसें झोंपणार कशीं? चोर आलेला नसतो, पण कुत्र्याचा आवाज तर खरा असतो! चिंताविकारांत नेमकें असेंच घडतें. संकट नसतें किंवा अगदीं लहान असतें, पण धडधड खरी असते, घाम खरा असतो, घशाला पडलेली कोरडही खरी असते. म्हणून अशा माणसास "तुला कांहीं झालेलें नाहीं" असें म्हणणें हें अज्ञानाचें आहे. त्यास कांहीं तरी निश्चित होत असतें. फक्त त्याचें कारण तो समजतो तें नसतें.

मग साधी काळजी कोठें संपते आणि विकार कोठें सुरू होतो? यासाठीं तीन मापें ध्यानांत ठेवावीं. पहिलें माप प्रमाणाचें: कारणाच्या मानानें भीति फारच मोठी आहे काय? दुसरें माप काळाचें: कारण टळल्यावरही ती आठवडे, महिने टिकून राहते काय? तिसरें माप सर्वांत महत्त्वाचें: त्या भीतीमुळें माणसाचें काम, शिक्षण, झोंप, येणें-जाणें, नातीगोतीं यांत अडथळा येतो काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर "स्वभावच तसा" म्हणून सोडून देऊं नये.

या विकाराचे मुख्य प्रकार चार-पांच आहेत. एका प्रकारांत माणूस सर्वच गोष्टींची काळजी वाहतो. मुलगा शाळेंतून येण्यास पांच मिनिटें उशीर, महिनाअखेरचा हिशेब, शेजाऱ्याचें आजारपण, एक काळजी संपली कीं दुसरी तिची जागा घेते. अशी स्थिति सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवशीं असेल आणि तिच्या जोडीस अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, चित्त एकाग्र न होणें, चिडचिड, अंग आंवळल्यासारखें वाटणें, झोंपेची तक्रार यांपैकीं निदान तीन लक्षणें असतील, तर तज्ज्ञ तीस सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती तें वैरी न चिंती. तिचा अर्थ अशा घरांत पहावयास मिळतो.

दुसरा प्रकार भीतीच्या झटक्यांचा. निरभ्र आकाशांतून वीज पडावी तसा तो येतो. कांहीं मिनिटांतच तो कळसास पोंचतो. छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातापायांस मुंग्या येतात, आतां आपण मरणार किंवा आपलें डोकें फिरणार अशी खात्री वाटते, आणि मग हळूहळू सारें ओसरतें. मुंग्यांचें कारण ऐकण्यासारखें आहे. घाबरून भराभर श्वास घेतल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु नेहमींपेक्षां कमी होतो, आणि त्यामुळें बोटांस व ओंठांभोंवतीं मुंग्या येतात, डोकें हलकें होतें. माणसास वाटतें आपण गुदमरतों आहों. वास्तविक तो गरजेपेक्षां अधिक श्वास घेत असतो. असे झटके वारंवार येऊं लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीनें महिनाभर किंवा अधिक काळ माणसाचें वागणेंच बदललें, तर तो विकार समजावा.

तिसरा प्रकार लोकलज्जेच्या भीतीचा. चारचौघांत बोलणें, जेवणें, सही करणें हें देखील अशा माणसास फांशीवर जाण्यासारखें वाटतें. चौथा प्रकार गर्दी, गाडी, बाजार अशा ज्या ठिकाणाहून चटकन निसटतां येणार नाहीं, त्या ठिकाणांच्या भीतीचा. पांचवा प्रकार उंची, रक्त, कुत्रा अशा एखाद्याच गोष्टीच्या भीतीचा. एकच कृति पुन्हां पुन्हां करावयास लावणारा विकार आणि भयंकर आघातानंतर येणारा विकार हे पूर्वीं याच वर्गांत मोडत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत ते २०१३ सालापासून वेगळे काढले आहेत.

हें दुखणें विरळ आहे असें कोणीं समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें ३० कोटी १० लक्ष माणसांस चिंताविकार होता, आणि उपचार मिळणारांचें प्रमाण चौघांत सुमारें एक एवढेंच आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो जवळजवळ दुपटीनें आढळतो, आणि बहुधा त्याचा आरंभ बाळपणीं किंवा तारुण्यांत होतो.

आतां माझी हकीकत थोडक्यांत सांगतों. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यांत एका रात्रीं तीनच्या सुमारास मी दचकून जागा झालों. छाती अशी धडधडत होती कीं तिचा आवाज खोलींत ऐकूं येईल असें वाटलें. अंग घामानें भिजलें होतें. घरांतून आवाज आला, "अहो, काय होतंय? दिवा लावूं का?" मला उत्तर देतां येईना. शेजाऱ्यांनीं रिक्षा आणली आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलों. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलें. सर्व ठीक निघालें. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे, काळजीचें कारण नाहीं." मीं त्याचा अर्थ घेतला कीं, आपण सोंग करितों असें यांस वाटतें.

पंधरा दिवसांनीं एस.टी.च्या गाडींत तसेंच झालें. मी मध्येंच उतरलों आणि उतरतांच बरें वाटलें. तेव्हांपासून गाडी सोडली. पुढें बाजार सोडला. रविवारच्या उपासनेंत शास्त्रवाचन करण्याचें काम माझ्याकडे होतें, तेंही घशाचें निमित्त सांगून सोडलें. मंडळींतील एका सद्‍गृहस्थांनीं माझें खरें दुखणें ओळखलें आणि ते कळवळ्यानें म्हणाले, "गुरुजी, विश्वास कमी पडतोय. अधिक प्रार्थना करा." मीं अधिक प्रार्थना केली. परंतु प्रार्थना करतांना माझें लक्ष देवाकडे नसून आपल्या छातीकडेच असे: धडधड थांबली काय? नाहीं थांबली! म्हणजे विश्वास कमीच! याप्रमाणें मूळच्या भीतीवर अपराधाचें ओझें चढलें, आणि दीड वर्ष मीं तें कोणास कळूं दिलें नाहीं.

त्या सद्‍गृहस्थांस मी दोष देत नाहीं, कारण मीं स्वतः तेंच केलें होतें. मंडळीचा वडील असतांना एका विधवा बाईंस, त्यांना रात्रीं झोंप लागत नाहीं असें त्यांनीं सांगितल्यावर, मीं शास्त्रांतील एक वचन सांगून परत पाठविलें होतें. वचन खरें होतें, पण तें मीं त्यांचें ऐकून घेण्याच्या ऐवजीं सांगितलें, ही चूक होती.

हें कोणतें वचन, हें ख्रिस्ती श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. प्रेषित पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत कशाविषयींही चिंताक्रांत न होण्याचा उपदेश आहे, आणि प्रभु येशूच्या डोंगरावरील प्रवचनांतही उद्यांची चिंता करूं नये असें सांगितलें आहे. या वचनांवरून पुष्कळ भाविक असा निष्कर्ष काढतात कीं, चिंता वाटणें हेंच पाप. परंतु मूळ ग्रीक भाषेंत या ठिकाणीं जें क्रियापद आहे, तेंच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत तीमथ्याच्या स्तुतीसाठीं योजिलें आहे: तो तुमची मनापासून काळजी वाहील, या अर्थानें. आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल स्वतःच्या संकटांची यादी देतो, तींत सर्व मंडळ्यांची चिंता हें ओझें आपणांवर रोज असतें असें कबूल करितो. म्हणजे उपदेश करणाराही चिंतेपासून सुटलेला नव्हता. तो उपदेश थकलेल्या जीवास धीर देण्यासाठीं आहे. आजारी माणसास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्यासाठीं नव्हे.

जुन्या करारांतील एलीया संदेष्ट्याची गोष्ट याहून बोलकी आहे. राणीच्या धमकीनें भिऊन तो रानांत पळाला आणि एका झुडुपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. देवाच्या दूतानें त्यास काय सांगितलें? आधीं उपदेश केला नाहीं. त्यानें त्यास झोंपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, पुन्हां झोंपूं दिलें, पुन्हां खावयास दिलें. बोलणें त्यानंतर झालें. स्वतः प्रभु येशूनें गेथशेमाने बागेंत जी व्याकुळता अनुभवली, तिचें वर्णन लूकानें केलें आहे, आणि लूक हा वैद्य होता असें पौलच सांगतो. ज्या धर्मग्रंथांत इतक्या थोरांची घाबरगुंडी लपवून ठेविलेली नाहीं, त्याच्या अनुयायांनीं आपली लपवावी, हें मला आतां विलक्षण वाटतें.

माझें मौन सुटलें तें आमच्या पाळकसाहेबांमुळें. वयानें ते माझ्याहून बरेच लहान. एक दिवस ते घरीं आले आणि म्हणाले, "गुरुजी, शास्त्रवाचन सोडलेंत. घसा अजून बरा नाहीं?" मला खोटें बोलवेना. मीं सगळें सांगितलें. माझी अपेक्षा अशी कीं ते आतां शास्त्र उघडतील. त्यांनीं विचारलें, "झोंप किती तास लागते? जेवण जातं का? आणि डॉक्टरांनीं थायरॉइड तपासलं होतं का?" मी चकित झालों. ते पुढें म्हणाले, "मी तुमच्याबरोबर प्रार्थना करीन, दर आठवड्याला बसेन. पण हें दुखणं मी एकट्यानं हाताळावं असं नाहीं. आपण मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटूं. मी बरोबर येतों." ख्रिस्ती समुपदेशन कसें असावें, तें मला त्या दोन वाक्यांत कळलें.

या समुपदेशनास मोठा इतिहास आहे. १७९६ सालीं इंग्लंडांतील यॉर्क येथें विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या गृहस्थानें मनोरुग्णांसाठीं एक आश्रयस्थान उघडलें आणि साखळदंडांच्या जागीं सौम्य वागणूक, काम व सहवास यांची योजना केली. अमेरिकेंत अँटन बॉइसन या धर्मोपदेशकास १९२० सालीं स्वतःलाच तीव्र मानसिक आजार झाला. बरा झाल्यावर तो मनोरुग्णालयाचा धर्मगुरु झाला, आणि १९२५ सालीं त्यानें धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांस रुग्णालयांत आणून रुग्णांच्या शेजारीं बसून शिकविण्याची प्रथा सुरू केली. माणूस हाही ग्रंथाप्रमाणेंच वाचावयाचा असतो, अशी त्याची दृष्टि होती. लंडनमध्यें चॅड वराह या पाळकानें १९५३ सालीं जीवनास कंटाळलेल्यांसाठीं दूरध्वनीवर ऐकून घेण्याची सेवा आरंभिली. आपल्या देशांत, डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०० सालीं लावलेल्या रोपट्यांतून वाढलेल्या वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय संस्थेचें मानसिक आरोग्यकेंद्र १९५७ पासून चालूं आहे; तेथें रुग्णाबरोबर घरचें माणूस राहतें आणि उपचारांत भाग घेतें.

मात्र या क्षेत्रांत एकच मत आहे असें नाहीं, आणि मदत शोधणारानें हें जाणून घ्यावें. जे अ‍ॅडम्स या अमेरिकन धर्मपंडितानें १९७० सालीं एक पुस्तक लिहून असा पक्ष मांडला कीं, ज्या मनोव्यथेस शारीरिक कारण नाहीं तिचें मूळ बहुधा पापांत असतें व तीस पवित्र शास्त्रच पुरेसें आहे. गॅरी कॉलिन्स इत्यादिकांनीं दुसरा पक्ष घेतला: मानसशास्त्रानें शोधिलेलें जें सत्य आहे, तेंही देवाचेंच सत्य, श्रद्धा आणि शास्त्र यांची सांगड घालावी. मी दुसऱ्या पक्षाचा आहें. पहिल्या पक्षानें सत्यशोधनाचा व पश्चात्तापाचा मान राखला हें खरें. परंतु ज्याची छाती विनाकारण धडधडते, त्यास "तुझें पाप शोध" म्हणणें म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यांत दगड बांधणें होय. हें मी तर्कानें सांगत नाहीं. तो दगड मीं दीड वर्ष वागविला आहे.

प्रत्यक्ष बैठकींत काय चालतें? पाळकसाहेब व मी आठवड्यांतून एकदां तासभर बसत असूं. आरंभीं ते विचारीत, "आज प्रार्थना करूं कीं नुसतें बोलूं?" निवड माझी असे. मग ते मजकडून एका वहींत लिहून घेत: भीति केव्हां आली, तेव्हां मनांत कोणता विचार होता, त्या विचारास पुरावा काय. 'मी आतां मरणार' हा विचार मीं अनेक वेळां लिहिला आणि प्रत्येक वेळीं त्यापुढें 'मेलों नाहीं' असेंही मलाच लिहावें लागलें! ही रीत एरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत घडविलेल्या उपचारपद्धतींतील आहे. पाळकसाहेबांनीं तिचें शिक्षण घेतलें होतें.

दुसरा भाग गाडीचा. मी गाडींतून उतरलों कीं मला बरें वाटे. आणि त्या बरें वाटण्यांतच घात होता. कारण मेंदू शिकतो कीं, पळालों म्हणून वांचलों. पुढच्या वेळीं तो अधिक जोरानें पळावयास सांगतो. यावर उपाय एकच, भीतीच्या समोर थोडें थोडें थांबणें. पहिल्या दिवशीं आम्ही दोघे नुसते स्थानकावर उभे राहिलों. मग उभ्या गाडींत बसलों. मग एक थांबा गेलों. छाती धडधडली, पण न पळतां बसून राहिलों तेव्हां ती आपोआप उतरली. भीतीची लाट चढते तशी ओसरतेही, हें मीं साठीनंतर प्रथमच पाहिलें. अखेरीस एकट्यानें तालुक्याच्या गांवीं जाऊन आलों. झटका आल्यास श्वास सावकाश घ्यावा व त्याहूनही सावकाश सोडावा, एवढी युक्ति मजजवळ होती.

औषधांविषयींही स्पष्ट बोललें पाहिजे. तज्ज्ञांनीं मला एक गोळी रोज घेण्यास दिली आणि सांगितलें कीं, हिचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, आरंभीं मळमळ होईल, आणि मनास वाटेल तेव्हां एकदम बंद करूं नये. मीं ती जवळजवळ वर्षभर घेतली व त्यांच्याच सल्ल्यानें हळूहळू कमी केली. झटपट शांत करणाऱ्या झोंपेच्या जातीच्या गोळ्या निराळ्या. त्यांची संवय लागते, म्हणून त्या अल्पकाळ व डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्याव्या. शेजारणीस गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेणें हा घोर अविचार आहे. मधुमेहाची गोळी घेणारा भाविक आपला विश्वास गमावीत नाहीं. मग ही गोळी घेणाऱ्यानेंच कां गमवावा?

त्याचप्रमाणें सर्व धडधड मनाचीच असते असेंही समजूं नये. थायरॉइड ग्रंथीचा विकार, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील दोष, कांहीं औषधें, अति चहा-कॉफी, तंबाखू व मद्य यांनींही अशींच लक्षणें उद्भवतात. म्हणून प्रथम शरीराची तपासणी व्हावी. छातींत दुखून घाम सुटला तर तें मनाचें असें घरींच ठरवूं नये. ताबडतोब रुग्णालय गांठावें. विकाराचा अंदाज घेण्यासाठीं २००६ सालीं तयार झालेली सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांविषयीं विचारून प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन गुण देतात. एकूण २१ पैकीं दहा किंवा अधिक गुण झाल्यास पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. शिक्षकाच्या जन्मांत कमी गुणांचा आनंद मला तेथेंच झाला!

आतां समुपदेशक निवडतांना काय पाहावें? त्यानें या कामाचें रीतसर शिक्षण घेतलें आहे काय, तें मोकळेपणानें विचारावें. तुमचें बोलणें तो गुप्त ठेवील काय, आणि जीवास धोका असल्यासच ती मर्यादा ओलांडील काय, हें विचारावें. आपल्या आवांक्याबाहेरचा रुग्ण तो तज्ज्ञाकडे पाठवितो काय, हें पाहावें. उलट, जो औषधें फेंकून देण्यास सांगतो, जो प्रत्येक दुखण्यांत भूत पाहतो आणि तें काढण्यासाठीं मारहाण किंवा उपासमार करितो, जो बरें करण्याबद्दल देणगी मागतो, किंवा तुमची गोष्ट व्यासपीठावरून सांगतो, त्याच्या दारीं पुन्हां जाऊं नये, मग त्याच्या तोंडीं कितीही शास्त्रवचनें असोत. अन्य धर्मीय श्रोत्यांपैकीं कोणी ख्रिस्ती संस्थेंत मदतीस गेले, तर धर्म बदलण्याची अट तेथें नसावी. तशी अट दिसली तर तें समुपदेशन नव्हे.

घरच्या माणसांस दोन शब्द. "घाबरूं नको" म्हणूं नये. "मी येथें आहें" म्हणावें. त्याच्यासाठीं सारा बाजारहाट आपणच करून त्यास घरांत कोंडूं नये. त्याच्याबरोबर चार पावलें चालावें. आणि जीव देण्याची भाषा तोंडून निघाली, तर ती थट्टेवारी नेऊं नये, त्यास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं मदत मागावी. भारत सरकारनें २०२२ सालच्या ऑक्टोबरांत सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें पैसे पडत नाहींत आणि मराठींत बोलतां येतें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी व्यवस्थेंतून मानसोपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तेव्हां ही भीक नव्हे.

शेवटीं एक कबुली राहिली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं चौथींतील एक मुलगा माझ्या वर्गांत होता. तोंडी परीक्षेच्या दिवशीं सकाळीं त्याच्या पोटांत हटकून दुखे, कधीं ओकारी होई. मला तें ढोंग वाटलें. एकदां मीं त्यास बाकावर उभें केलें आणि सर्व वर्गासमोर कविता म्हणावयास लावली. त्याचे पाय कांपत होते, ओंठ पांढरे पडले होते, शब्द फुटेना. वर्ग हंसला, मीं वर्गास थांबविलें नाहीं. पुढें त्यानें शाळाच सोडली. त्यास इतरही कारणें असतील. परंतु त्या रात्रीं तीन वाजतां माझे स्वतःचे हातपाय कांपूं लागले, तेव्हां मला प्रथम त्या मुलाचे पाय दिसले.

तो आतां चाळिशींत असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढें समजावें कीं, तें ढोंग नव्हतें, हें त्याच्या गुरुजींस उशिरां कां होईना कळलें आहे. आणि आपणांपैकीं ज्यांच्या घरीं किंवा वर्गांत असें एखादें मूल आज असेल, त्यांनीं माझ्याइतका उशीर करूं नये.

अधूनमधून माझी छाती अजूनही धडधडते. पण रविवारीं शास्त्रवाचन मीच करितों, आणि त्यासाठीं चर्चला गाडीनेंच जातों.